विश्लेषण : ७५० कोटींचे ‘लिंकन हाऊस’ दहा वर्षांनंतरही बंद का? वकिलातींच्या जुन्या इमारतींचे पुढे काय होते?

ब्रीच कँडीला भुलाभाई देसाई मार्गावर एके काळी भल्या सकाळी फुटपाथवर रांग लागलेली असायची. हातात कागदपत्रांची फाइल, चेहऱ्यावर धाकधूक. कुणाला शिकायला जायचे, कुणाला नोकरीला, तर कुणाला नातवंडाच्या बारशाला. अमेरिकेचा व्हिसा मिळवायचा तर ‘लिंकन हाऊस’ची पायरी चढावी लागे. २०११च्या नोव्हेंबरात अमेरिकी वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात गेला आणि रांगही त्याच्यामागे गेली. सप्टेंबर २०१५मध्ये ही इमारत पुण्यातील उद्योगपती सायरस पूनावाला यांनी ७५० कोटी रुपयांना घेत असल्याचे जाहीर झाले. निवासी बंगल्यासाठी देशात तोवर मोजली गेलेली ही सर्वाधिक किंमत होती. त्याला दहा वर्षे उलटली, तरी नवे मालक तेथे राहायला जाऊ शकलेले नाहीत. विकणारे सरकार जगातले सर्वात बलाढ्य, विकत घेणारे देशातल्या श्रीमंतांपैकी एक, तरीही व्यवहार पूर्ण का होत नाही?

ही इमारत मुळात कोणाची?

लिंकन हाऊसचे मूळ नाव वांकानेर हाऊस. सौराष्ट्रात राजकोट-मोरबी परिसरात वांकानेर हे झाला राजपुतांचे ११ तोफांच्या सलामीचे संस्थान होते. तेथील महाराजा अमरसिंहजी यांनी १९३०च्या दशकात मुंबईत समुद्रालगत हा प्रासाद बांधून घेतला. तो काळ संस्थानिकांच्या मुंबईतील घरांचा. शर्यतींचा हंगाम, सरकार दरबारची कामे, औषधोपचार आणि समुद्राची हवा अशा नाना कारणांनी राजेरजवाड्यांचा मुक्काम मुंबईत पडे. सुमारे दोन एकरांचे आवार आणि अंदाजे ५० हजार चौरस फुटांचे बांधकाम, असा या वास्तूचा आकार सांगितला जातो.

वांकानेर घराण्याची आणखी एक ओळख आपल्याकडे फारशी माहीत नसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मसुदा घडवणारे सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह हे याच घराण्यातले.

प्रासादाचा आराखडा क्लॉड बॅटली यांचा. हे नाव सामान्य मुंबईकराच्या ओठावर नाही, पण त्यांचे काम रोज लाखो लोकांच्या नजरेखालून जाते. १९३०मध्ये सुरू झालेले मुंबई सेंट्रल स्थानक त्यांचेच. कुलाब्याच्या पारशी वसाहतीतील खुसरो बाग त्यांच्या ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ या कंपनीची. बॅटली १९१३च्या सुमारास भारतात आले, जे. जे. स्कूलमध्ये त्यांनी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या आणि १९५६मध्ये निधन होईपर्यंत या देशाशी नाते तोडले नाही. इंग्लंडमधील नमुने इथे जसेच्या तसे उतरवू नका, इथले ऊन-पाऊस आणि इथली बांधकामाची परंपरा बघा, असा त्यांचा आग्रह असे. मलबार हिलवरचे महम्मद अली जिना यांचे घरही बॅटली यांनीच बांधले. त्या घराकडे पुढे यायचेच आहे, कारण तेही काही काळ परदेशी वकिलातीकडे होते आणि त्याचाही तिढा लांबलाच.

अमेरिकेकडे ती कशी आली?

अमेरिकेचा मुंबईशी संबंध जुना. १८३८मध्येच त्या देशाने मुंबईसाठी वाणिज्यदूत नेमला होता. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. संस्थानिकांना तनखे सुरू राहिले, पण राज्याचा महसूल गेला. मोठमोठ्या प्रासादांचा खर्च आणि कर भागवणे अनेकांना जड जाऊ लागले. १९५७ हे संपत्ती कर कायदा लागू झाल्याचेही वर्ष आहे. त्याच वर्षी अमरसिंहजींचे वारस प्रतापसिंह झाला यांनी वांकानेर हाऊस अमेरिकी सरकारला ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. प्रासादाची वकिलात झाली आणि अब्राहम लिंकन यांचे नाव तिला मिळाले.

यातला ‘भाडेपट्टा’ हा शब्द लक्षात ठेवावा. सगळी गुंतागुंत पुढे याच शब्दाभोवती फिरते.

मग अमेरिकेने इतकी मोक्याची जागा सोडली का?

कारण मुंबईत नाही, आफ्रिकेत आहे. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील अमेरिकी दूतावासांबाहेर ट्रकबॉम्बचे स्फोट झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर १९९९मध्ये अमेरिकी काँग्रेसने दूतावासांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. नव्या दूतावासाची इमारत कुंपणापासून किमान १०० फूट आत असावी आणि त्या शहरातील अमेरिकी सरकारची कार्यालये शक्यतो एकाच आवारात असावीत, ही त्यातली महत्त्वाची सूत्रे. भर रस्त्यावरच्या जुन्या, देखण्या इमारती या मोजपट्टीत बसेनात. त्यामुळे गेल्या दोन-अडीच दशकांत जगभरात अमेरिकी दूतावास शहराच्या मध्यातून निघून मोकळ्या, तटबंदीसारख्या आवारांत गेले. लंडनचा गेला, तसा मुंबईचाही गेला.

ब्रीच कँडीची जागा एका बाजूला वर्दळीचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिमटीत आहे. मागे सरकायला जागाच नाही. व्हिसासाठी येणाऱ्यांची संख्याही त्या जुन्या प्रासादाच्या कुवतीबाहेर गेली होती. वांद्रे-कुर्ला संकुलात सगळे नव्याने बांधता आले. जुन्या मालमत्ता विकून आलेला पैसा नव्या बांधकामांकडे वळवायचा, ही अमेरिकी परराष्ट्र खात्याची नेहमीची पद्धत. त्याप्रमाणे लिंकन हाऊस विक्रीला निघाले.

व्यवहार नेमका कुठे अडला?

सौदा जाहीर झाल्यानंतर केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाने या जमिनीवर आपला हक्क असल्याची भूमिका घेतली. राज्य सरकारच्या महसूल यंत्रणेनेही जमिनीबाबत आक्षेप नोंदवला. म्हणजे वाद विकणारा आणि घेणारा यांच्यात नाही. दोघांनाही सौदा हवा आहे. आक्षेप आहे तो तिसऱ्याचा आणि चौथ्याचा, आणि तोही इमारतीबद्दल नसून तिच्याखालच्या जमिनीबद्दल.

ब्रीच कँडीत लष्कराचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण मुंबई हे मुळात तटबंदीचे शहर. ब्रिटिशांच्या काळात किनाऱ्यावरच्या तोफांसाठी, छावण्यांसाठी, अधिकाऱ्यांच्या निवासासाठी जागोजागी जमिनी राखल्या गेल्या. काही पुढे दीर्घ मुदतीने खासगी व्यक्तींना दिल्या गेल्या आणि मूळ नोंदी मात्र लष्करी दप्तरात राहिल्या. संरक्षण खात्याच्या देशभरातील १७.७८ लाख एकर जमिनीचे सर्वेक्षण पूर्ण झाल्याचे सरकारने जाहीर केले ते जानेवारी २०२२मध्ये, आणि स्वातंत्र्यानंतर असे संपूर्ण सर्वेक्षण पहिल्यांदाच झाले. आपली जमीन नेमकी कुठे आणि किती, हे मोजायला खुद्द मालकालाच ७५ वर्षे लागली! लिंकन हाऊसवरचा दावा योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. पण असा दावा पन्नास वर्षे कुणाला आठवू नये आणि इमारत विकायला काढल्यावर आठवावा, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

९९९ वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे मालकीच नव्हे का?

व्यवहारात जवळजवळ तसेच. कायद्यात नाही. १९५७चा भाडेपट्टा २९५६पर्यंतचा. २०१५च्या सौद्यावेळी त्यातली ५८ वर्षे सरली होती, ९४१ उरली होती. इतकी मुदत बाकी असताना जमीन परत मिळण्याची वाट कुणी पाहत बसत नाही. म्हणूनच इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ९९९ वर्षांचा पट्टा हा ‘न विकता विकण्या’चा मार्ग मानला जातो. किंमत बहुधा सुरुवातीलाच वसूल होते, वार्षिक भुईभाडे नावापुरते उरते.

पण नावापुरते का होईना, जमिनीशी मूळ मालकाचे नाते टिकून राहते. पट्टेदाराला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो का, याचे उत्तर पट्ट्याच्या अटींमध्ये असते. १८८२चा मालमत्ता हस्तांतर कायदा सांगतो, की करारात मनाई नसेल तर पट्टेदार आपला हक्क हस्तांतरित करू शकतो. जमीन सरकारी असेल तर मात्र ती देताना घातलेल्या अटी निर्णायक ठरतात. पूर्वपरवानगी, वापरात बदल केल्यास शुल्क आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ‘अनर्जित उत्पन्न’. जमिनीची किंमत पट्टेदाराच्या कष्टाने नव्हे तर शहर वाढल्यामुळे वाढली, म्हणून विकताना त्या वाढीतला वाटा सरकारला द्यायचा, असा हा हिशेब. मुंबईत सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या जुन्या सहकारी सोसायट्यांच्या सदस्यांना हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट विकतानाही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या त्यांनी मारलेल्या असतात. ७५० कोटींच्या व्यवहारात हा वाटा किती होऊ शकतो, याचा अंदाज बांधण्यासाठी गणितात हुशार असावे लागत नाही.

आणखी एक साधे तत्त्व आहे. ज्याच्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच तो पुढे देऊ शकतो. महाराजांकडे जमिनीची पूर्ण मालकी असेल तर त्यांचा पट्टा भक्कम. महाराज स्वतःच कुणाचे पट्टेदार असतील, तर अमेरिकेला मिळाला तो पट्ट्यातला पट्टा, आणि पूनावालांना मिळेल तोही तेवढाच. म्हणून २०१५चा सौदा तपासायचा तर १९५७च्या मागे, १९३०च्या दशकातल्या कागदांपर्यंत जावे लागते.

पण वकिलातीची जमीन तर त्या देशाची मानली जाते ना?

हा आपल्याकडचा लोकप्रिय गैरसमज. सिनेमांनी तो आणखी पक्का केला. दूतावासात पाऊल टाकले की आपण परदेशात, असे काही नसते. १९६१चा राजनैतिक संबंधांबाबतचा आणि १९६३चा वाणिज्यदूत संबंधांबाबतचा, असे दोन व्हिएन्ना करार आहेत. त्यांनी दिलेले संरक्षण जागेच्या वापराला आहे, जमिनीच्या मालकीला नाही. यजमान देशाचे पोलीस परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाहीत, आवारावर ठरावीक कर लागत नाहीत, वगैरे. जमीन यजमान देशाच्याच सार्वभौमत्वाखाली राहते आणि तिला त्याच देशाचे जमीनविषयक कायदे लागू होतात.

कार्यालय हलले की हे संरक्षणही त्याच्याबरोबर जाते. ध्वज उतरला की उरतो तो एक जुना बंगला, एक भाडेपट्टा आणि एक मालमत्ता पत्रक. लिंकन हाऊसच्या बाबतीत नेमके हेच घडले. ५४ वर्षे तेथे एका महासत्तेचे कार्यालय होते. मालमत्ता बाजारात आली नाही, तारण पडली नाही, वारसांमध्ये वाटली गेली नाही. एखाद्या जमिनीचा हक्क तपासला जाण्याचे जे नेहमीचे प्रसंग असतात, ते इथे आलेच नाहीत. जमिनीचा प्रश्न मिटलेला नव्हता, फक्त तो विचारण्याची कुणाला गरज पडली नव्हती.

परदेशी सरकारने विकलेली प्रत्येक इमारत अशी अडकते का?

तसे नाही. अमेरिकी वाणिज्य दूतावासाचीच दुसरी मालमत्ता, अल्टामाउंट रोडवरील ‘वॉशिंग्टन हाऊस’, २०१२मध्ये लोढा समूहाने सुमारे ३४१ कोटी रुपयांना घेतली. ती इमारत कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी होती. ती पाडून तेथे ‘लोढा अल्टामाउंट’ हा आलिशान मनोरा उभा राहिला आणि त्यात लोक राहायलाही गेले. विक्रेता तोच, शहर तेच, काळही साधारण तोच. तेव्हा परदेशी सरकारचा सहभाग हा काही मूळ अडथळा नव्हे.

याच लोढा समूहाने पुढच्या वर्षी, २०१३मध्ये, लंडनला ग्रोव्हनर स्क्वेअरमधील ‘मॅकडोनाल्ड हाऊस’ ३० कोटी ६० लाख पौंडांना घेतले. ते कॅनडाच्या उच्चायुक्तालयाकडे होते आणि त्याआधी, १९६०पर्यंत, तेथे अमेरिकेचा दूतावास होता. मुंबईत अमेरिकेचे घर घेणाऱ्या बिल्डरने लंडनमध्येही अमेरिकेचे जुने घर घ्यावे, हा योगायोग गमतीचा. तेथेही नव्या निवासी सदनिका झाल्या.

लंडनच्या त्याच चौकातली दुसरी इमारत लिंकन हाऊसशी तुलनेसाठी अधिक उपयोगी. १९६० ते २०१८ या काळातला अमेरिकी दूतावास तो. फिनलंडमध्ये जन्मलेले अमेरिकी वास्तुकार एरो सारिनेन यांची ती रचना, छतावर भला मोठा सोनेरी गरुड. इथेही अमेरिकेकडे जमिनीची मालकी नव्हती. जमीन ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या ग्रोव्हनर घराण्याची आणि पट्टा पुन्हा ९९९ वर्षांचाच! अमेरिकेने जमीन विकत मागितली तेव्हा, ‘स्वातंत्र्ययुद्धात जप्त केलेल्या आमच्या फ्लोरिडातल्या जमिनी आधी परत करा’, असे उत्तर ड्यूकच्या बाजूने आल्याचा किस्सा लंडनमध्ये आवडीने सांगितला जातो.

ही इमारत २००९मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला विकली गेली. त्याच वर्षी तिला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला, म्हणजे ती पाडता येणार नव्हती. दूतावास मात्र जानेवारी २०१८मध्ये टेम्सच्या दक्षिण काठावर नाइन एल्म्सला गेला. (त्या वेळी डोनाल्ड ट्रम्प यांनी हा सौदा वाईट असल्याचे सांगत खापर ओबामांवर फोडले होते, पण स्थलांतराचा निर्णय बुश यांच्या काळात, २००८मध्येच जाहीर झाला होता.) मधली नऊ वर्षे विकलेल्या इमारतीत कामकाज सुरू होते आणि त्याच वेळी पुढच्या वापराचे आराखडे, परवानग्या, हरकती हे सारे उरकले जात होते. वास्तुकार डेव्हिड चिपरफिल्ड यांनी बाह्यरूप राखून आतली फेररचना केली आणि सप्टेंबर २०२५मध्ये तेथे ‘चॅन्सरी रोजवूड’ हे हॉटेल सुरू झाले. गरुड छतावर जिथल्या तिथे आहे.

दोन्हीकडे ९९९ वर्षांचा पट्टा, विक्रेता तोच. फरक दोन. लंडनमध्ये जमीन कुणाची याविषयी शंका नव्हती. आणि तेथे आधी विक्री, मग स्थलांतर असा क्रम होता. मुंबईत २०११ला इमारत रिकामी झाली, २०१५ला विकली आणि त्यानंतर हक्काचा शोध सुरू झाला.

जिना हाऊसचे काय झाले?

बॅटली यांच्या दुसऱ्या घराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मलबार हिलवर माउंट प्लेझंट रोडला, म्हणजे आताच्या भाऊसाहेब हिरे मार्गाला, मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यासमोर सुमारे अडीच एकरांवर ‘साऊथ कोर्ट’ उभे आहे. जिना यांनी १९३६च्या सुमारास ते बांधले आणि त्या काळी त्यावर सुमारे दोन लाख रुपये खर्च केले. सप्टेंबर १९४४मधल्या गांधी-जिना वाटाघाटी याच घरात झाल्या. १५ ऑगस्ट १९४६ रोजी नेहरू आणि जिना यांची भेटही येथेच झाली, स्वातंत्र्याच्या बरोबर एक वर्ष आधी.

फाळणीनंतर जिना कराचीला गेले, तरी या घरातला त्यांचा जीव सुटला नव्हता. ते सरकारने ताब्यात घेऊ नये, भाड्याने द्यायचेच तर एखाद्या युरोपीय कुटुंबाला द्यावे, अशी इच्छा त्यांनी भारताचे कराचीतील उच्चायुक्त श्रीप्रकाश यांच्याकडे बोलून दाखवली होती. सप्टेंबर १९४८मध्ये जिना वारले. घर ब्रिटिश उप उच्चायुक्तालयाकडे गेले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे घर युरोपीय भाडेकरूकडे जावे ही जिनांची इच्छा एका अर्थी पुरी झाली.

ब्रिटिश गेले आणि इथेही तोच प्रश्न उभा राहिला, जो लिंकन हाऊसपुढे आहे. घर कोणाचे? पाकिस्तानला ते आपल्या वाणिज्य दूतावासासाठी हवे होते. भारत सरकारच्या मते ते देश सोडून गेलेल्यांची, म्हणजे निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा झालेले. जिनांच्या कन्या दीना वाडिया यांनी २००७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वारस म्हणून दावा केला. नोव्हेंबर २०१७मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र नसली वाडिया यांनी तो पुढे चालवला. दरम्यान इमारत भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडे होती, पण तिचा म्हणावा तसा वापर झाला नाही. मलबार हिलचे आमदार मंगलप्रभात लोढा ती पाडून सांस्कृतिक केंद्र उभारण्याची मागणी करत राहिले. डिसेंबर २०१८मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लोढा यांनाच पत्राने कळवले, की ही वास्तू परराष्ट्र मंत्रालयाकडे घेऊन दिल्लीतील ‘हैदराबाद हाऊस’च्या धर्तीवर विकसित केली जाईल. नंतर मुंबईच्या वारसा संवर्धन समितीपुढे दुरुस्ती आणि पुनर्वापराचा प्रस्ताव गेला.

हैदराबाद हाऊसचे उदाहरण चपखल आहे. निजामाचे दिल्लीतले घर आज पंतप्रधान परदेशी पाहुण्यांशी चर्चा करतात ती जागा आहे. दिल्लीत जयपूर हाऊसचे कलादालन झाले, पटियाला हाऊसमध्ये न्यायालय भरते, बडोदा हाऊसमध्ये रेल्वेचे कार्यालय आहे. संस्थानिकांची घरे सरकारी वापरात सामावून घेण्याचा अनुभव देशाला आहे. तिथे फारसे अडले नाही, कारण सरकार स्वतःच ती वापरणार होते. मुंबईतल्या या दोन घरांमध्ये मात्र दावेदार अनेक आणि प्रत्यक्ष राहणारे कुणीच नाही.

तोवर इमारतीची काळजी कोण घेणार?

हा प्रश्न हक्काच्या वादात नेहमी मागे पडतो. मुंबई हे वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली करणारे देशातले पहिले शहर. १९९५च्या त्या नियमांत इमारतींच्या तीन श्रेणी केल्या. पहिली राष्ट्रीय महत्त्वाची, दुसरी प्रादेशिक महत्त्वाची आणि तिसरी स्थानिक परिसराच्या दृष्टीने महत्त्वाची. लिंकन हाऊस तिसऱ्या श्रेणीत आहे. तिसऱ्या श्रेणीत परवानगीने बरेच बदल करता येतात. संरक्षण आहे, पण पातळ. शिवाय समुद्रालगत असल्याने किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेतच. श्रेणी मिळाल्याने इमारत पाडणे कठीण होते हे खरे, पण ती सांभाळायला श्रेणीमुळे कुणी बांधला जात नाही.

समुद्रकाठच्या जुन्या बांधकामाला तर सतत हात फिरवावा लागतो. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि बाहेरचा थर सुटू लागतो. पावसाळ्यात गच्ची आणि खिडक्यांच्या चौकटीतून पाणी शिरते. राहते घर असेल तर ओल दिसल्याबरोबर गवंडी बोलावला जातो. बंद घरात ती पुढच्या तपासणीपर्यंत तशीच मुरते. आणि ज्याच्या नावावर अजून काही झालेले नाही, त्याने दुरुस्तीवर मोठा खर्च का करावा, हाही व्यवहारी प्रश्न आहेच. मुंबईतल्या कुठल्याही वादातल्या चाळीत गेलात तर हेच ऐकू येईल, फक्त आकड्यांची शून्ये कमी असतील.

आता पुढे काय?

मार्ग दोनच दिसतात. एक, केंद्र आणि राज्य यांनी जुने अभिलेख तपासून जमीन कोणाची हे आधी आपसात ठरवणे. त्यानंतर हस्तांतराची परवानगी, अनर्जित उत्पन्न किंवा अन्य शुल्क देणे लागते का, किती आणि कोणी द्यायचे, हे ठरू शकेल. दुसरा मार्ग न्यायालयाचा. तो किती लांबतो हे जिना हाऊसने दाखवलेच आहे.

हा प्रश्न लिंकन हाऊसपुरता नाही. दक्षिण मुंबईत पेडर रोड, मलबार हिल, कुलाबा भागात अनेक वाणिज्य दूतावास जुन्या बंगल्यांत आणि इमारतींत होते. त्यांतले काही वांद्रे-कुर्ला संकुलाकडे आणि नव्या कार्यालयीन मनोऱ्यांमध्ये गेले, आणखीही जातील. त्यांच्या जमिनींचे पट्टे कोणी, कधी आणि कोणत्या अटींवर दिले होते, हे इमारत रिकामी होण्याआधी तपासून ठेवण्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाचा नगर भूमापन विभाग करू शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पूनावाला कुटुंबाला येथे स्वतःचे घर करायचे होते. ते झाले तर वांकानेर हाऊस १९५७नंतर प्रथमच पुन्हा कुणाचे तरी राहते घर होईल.